घोडा कुठे गेला?

एक आजी होती. वाई तालुक्यातल्या एका लहान गावातून ती सहा महिन्यांसाठी मुलाकडे सांता क्लाराला आली होती. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात. नातू शाळेत जाई. मग घरात आजी असे आणि फ्रिजची घरघर असे. दुपारी तीनला नातू आला की आजीचा दिवस सुरू होई.

नातू नऊ वर्षांचा होता. त्याला मराठी समजे, तो बोलेही. पण जोडाक्षर आले की अडखळे. रविवारी तो मराठी शाळेत जाई. फेब्रुवारीत शिवजयंतीचा कार्यक्रम होता. बाईंनी त्याला पोवाडा दिला, अफझलखानाच्या वधाचा. दोन छापील पाने होती.

नातू पाने घेऊन घरी आला आणि म्हणाला, "आजी, पहिलं बक्षीस पंचवीस डॉलरचं गिफ्ट कार्ड आहे. मला ते पाहिजे."

आजीने चष्मा लावला. पहिल्या चार ओळी वाचल्या. मग पाने मांडीवर ठेवली आणि पुढचे न बघताच म्हणू लागली.

नातू बघतच राहिला. आजीला त्याने देवापुढे पुटपुटताना ऐकले होते. हा आवाज तो नव्हता. हा पोटातून येत होता.

"तुला कसं येतं?"

"माझे वडील गोंधळी होते, सोन्या."

मग आजीने सांगितले. वडील संबळ वाजवत, चुलते तुणतुणे धरत. आसपासच्या गावांत लग्न झाले की गोंधळाची सुपारी येई. दिवटी पेटे, देवीला हाक जाई, रात्र चढत जाई. पहाटेच्या सुमाराला मंडळी पेंगू लागली की वडील पोवाडा काढत आणि पेंगणारे ताठ बसत. पोरीने गायची रीत नव्हती. "पण ऐकायला कोण अडवतंय?" आजी म्हणाली. ती दाराआड बसे. तिथेच तिला सगळे पाठ झाले, आणि साठ वर्षे कुणी विचारले नाही म्हणून तसेच राहिले.

"हा पोवाडा कुणी लिहिला?"

"अज्ञानदास नावाच्या शाहिराने. कुणी त्याला अगिनदास म्हणतं. १६५९ साली प्रतापगडाखाली खान पडला. जिजाऊसाहेबांनी शाहिराला बोलावलं आणि पोवाडा करायला सांगितला, असं आमच्यात सांगतात. त्याने केला, गायला. मग महाराजांनी त्याला घोडा दिला आणि शेरभर सोन्याचा तोडा दिला."

"शेर म्हणजे लायन?"

आजी खूप हसली. "अरे, शेर म्हणजे जुनं माप. किलोला थोडं कमी."

नातवाने विचार केला. घोडा आणि किलोला थोडे कमी सोने. त्यापुढे पंचवीस डॉलर फारच थोडे होते.

"मग तो घोडा कुठे गेला?"

"म्हातारा झाला असेल. मेला असेल."

"आणि सोनं?"

"एखाद्या लेकीच्या लग्नात मोडलं असेल. नाहीतर दुष्काळात."

"म्हणजे काहीच राहिलं नाही?"

आजीने मांडीवरची पाने उचलून त्याच्या हातात दिली. "हे काय."

नातवाचे काही समाधान झाले नाही.

रोज चार वाजता दोघे सेंट्रल पार्कमध्ये जात. तिथे तळे होते, तळ्यात बदके होती. तळ्याकाठी एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसत. डोक्याला लोकरीची चपटी टोपी. आजी त्यांना टोपीवाले आजोबा म्हणे. दोन महिने नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती. एका भाषेत आजीला बोलता येत नव्हते, दुसरी त्यांना येत नव्हती.

एक दिवस नातू बाकावर उभा राहून पोवाड्याचा सराव करत होता. टोपीवाल्या आजोबांनी टोपी काढली आणि हे काय चालले आहे ते विचारले. नातवाने जमेल तसे सांगितले. राजा होता, शत्रू होता, शाहीर होता, घोडा मिळाला.

आजोबा म्हणाले, "आमच्याकडेही घोडाच देत."

आमच्याकडे म्हणजे वेल्समध्ये. तरुणपणी ते तिथून सांता क्लाराला नोकरीसाठी आले, तेव्हा या खोऱ्यात अजून जर्दाळूच्या बागा होत्या. आता बागा नव्हत्या, नोकरीही संपली होती. बाक तेवढा होता.

ते बोलत गेले आणि नातू आजीला मराठीत सांगत गेला. काही शब्द त्याला येत नव्हते, तिथे त्याने आपले घातले. कवीला शाहीर म्हटले, आणि ते काही चुकले नाही.

वेल्सच्या जुन्या राजांच्या पदरी शाहीर असत. त्यांना काय द्यायचे ते कायद्यातच लिहिलेले होते. राजाकडून घोडा आणि लोकरीचे कपडे. राणीकडून लिननचे तलम कापड. वर सारामाफीची जमीन. दरबारात पहिले गाणे देवाचे, दुसरे राजाचे.

"आधी गण," आजी म्हणाली. "बरोबर आहे. आमच्यातही आधी नमन, मग बाकीचं."

आणि राणीला आपल्या दालनात गाणे ऐकायचे असेल, तर शाहिराने हळू आवाजात गायचे, म्हणजे बाहेर दरबाराला त्रास होणार नाही. हेही कायद्यात होते. आजीला हे फार आवडले. "दाराआडून ऐकणारीचीही सोय केली म्हणायची," ती म्हणाली. नातवाने ते इंग्रजीत सांगितले आणि आजोबा पहिल्यांदा मोठ्याने हसले.

मग त्यांनी शेवटच्या राजाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव लिवेलिन. या नावाच्या सुरुवातीला एक असा उच्चार आहे की नातवाने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा नुसतीच थुंकी उडाली. इंग्लंडच्या एडवर्ड राजाशी त्याची लढाई चालली होती. ११ डिसेंबर १२८२ या दिवशी लिवेलिन मारला गेला. त्याचे डोके लंडनला नेऊन मिरवले. राज्य गेले. दरबार गेला.

"मग शाहिरांचं काय?" आजीने विचारायला लावले.

ग्रिफिद नावाचा एक शाहीर होता. त्याने मेलेल्या राजासाठी विलाप केला. वारा, पाऊस, समुद्र, झाडे, सगळ्यांना त्याने त्या दुःखात ओढले.

"त्याला घोडा कुणी दिला?" हा प्रश्न नातवाचा होता.

"कुणी नाही. द्यायला कुणी उरलंच नव्हतं."

आजोबांनी टोपी पुन्हा घातली. त्या शाहिरांच्या साऱ्या गाण्यांत आज सगळ्यात जास्त ओळखीचे गाणे तेच आहे, असे ते म्हणाले आणि उठले.

(हे ऐकले तेव्हा मला आपला शाहीर प्रभाकर आठवला. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेला. प्रभाकर त्यानंतर पंचवीस वर्षे जगला आणि बुडालेल्या पेशवाईचे पोवाडे गात राहिला. तेव्हा पुण्यात तोडा घालायला कोण बसले होते?)

त्या रात्री नातवाने जेवताना विचारले, "आजी, तुझ्या वडिलांना घोडा मिळाला होता का?"

"घोडा?" आजीने भाकरीचा तुकडा मोडला. "सुपातून जोंधळे मिळत. कुणी खोबऱ्याची वाटी देई. कुणी उपरणं. एकदा एका म्हातारीकडे काहीच नव्हतं, तिने दिवटीला पळीभर तेल घातलं. वडील घरी येऊन ते सांगायचे. कुणी काय दिलं ते सगळं त्यांच्या ध्यानात असे."

मुलाने, म्हणजे नातवाच्या बाबांनी, आणखी एक गोष्ट सांगितली. छापील पाने कुठून आली, ती. हॅरी अॅक्वर्थ हे मुंबई महापालिकेचे इंग्रज आयुक्त होते. त्यांनी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवून १८९१ साली पुस्तक काढले. त्यात हा पोवाडा होता. मधे दोनशे बत्तीस वर्षे गेली होती.

"तेवढी वर्षं तो कुठे होता?" नातवाने विचारले.

आजीने आपल्या गळ्याला बोट लावले.

दुसऱ्या दिवशी नातवाने ठरवले, आजीचाच पोवाडा म्हणायचा. छापलेल्यात आणि तिच्यात बराच फरक होता. कुठे नाव वेगळे, कुठे दोन ओळी जास्त, कुठे चाल अशी वळे की शब्दच बदले. आजी सांगत गेली, नातू वहीत लिहीत गेला. त्याचे ऱ्हस्व-दीर्घ कुठेही जात होते, पण तो लिहीत गेला. चार दिवसांत सात पाने झाली.

पाचव्या दिवशी आजी अडली.

खान भेटीच्या मंडपाकडे निघतो, तिथे. तिने मागून पुन्हा सुरुवात केली. वेगात आली आणि पुन्हा तिथेच थांबली. मांडीवर ठेका धरून पाहिला. डोळे मिटून पाहिले. ओळी तीन होत्या, एवढे तिला नक्की आठवत होते. तिसऱ्या ओळीला वडील संबळावर एक थाप राखून मारत आणि चुलते मान वर करत. थाप आठवत होती. मान आठवत होती. शब्द गेले होते.

रात्री तिने गावी भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. भाऊ म्हणाला, "अक्का, आपलं संबळ विकून वीस वर्षं झाली. तुला एवढं आठवतं तेच नवल. मला तर ठेकाही आठवत नाही."

नातू म्हणाला, "आजी, छापलेल्यात आहेत ना तिथल्या ओळी. त्याच घालू."

"घाल हवं तर," आजी म्हणाली. "चांगल्याच आहेत. पण त्या आमच्यातल्या नव्हेत."

ती नीट जेवली नाही. वडील वारले तेव्हा ती सासरी होती, दोन दिवसांनी पोचली होती. आत्ता साठीच्या पलीकडून ते तिला पुन्हा वारल्यासारखे वाटले. हे तिने कुणाला सांगितले नाही. मला सांगितले, ते फार नंतर.

बागेत नातवाने आपण होऊन ही गोष्ट टोपीवाल्या आजोबांना सांगितली. तीन ओळी हरवल्या, आजी उदास आहे, आणि पुस्तकातल्या घालू का असे विचारले तर घाल म्हणते पण चेहरा तसा नाही.

आजोबा बराच वेळ बदकांकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्या त्या राजाचं राज्य गेलं ना, त्याच सुमाराला स्ट्राटा फ्लोरिडाच्या मठात एक साधू बसला—"

"फ्लोरिडा?"

"तुमचं नव्हे. आमच्याकडचं, डोंगरातलं." राज्य गेल्यावर दरबारी शाहिरांची गाणी विसरली जाणार हे त्या साधूला कळले होते. तो ती लिहायला बसला. प्रत्येक शाहिराला त्याने वेगळी जागा दिली. पण सगळी गाणी त्याला सापडली नव्हती. म्हणून त्याने प्रत्येकापुढे कोरी जागा सोडली. जे आपल्याला ठाऊक नाही ते कुणाला तरी ठाऊक असेल, तो येईल आणि लिहील. आणि तसे झाले. पुढे दुसरे हात आले, वेगळ्या वळणाची अक्षरे आली, जागा भरत गेल्या. सगळ्या भरल्या नाहीत.

"मग ती वही कुठे आहे?"

ती वही घरोघर फिरली आणि हरवली. १९१० साली हेंद्रेगाद्रेद नावाच्या एका वाड्यात कपड्यांच्या जुन्या कपाटात सापडली. आता ती अॅबरिस्टविथला वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ग्रिफिदचा तो विलाप मात्र तिच्यात नाही. तो दुसऱ्या एका पुस्तकात राहिला, हर्गेस्टच्या लाल पुस्तकात. राजाला मरून शंभर वर्षे झाल्यावर एका जमीनदाराने तो लिहवून घेतला.

नातवाने हे सगळे आजीला सांगितले. मधे एकदोनदा त्याचा गोंधळ झाला, पण कोरी जागा त्याला बरोबर कळली होती.

आजीने विचारले, "त्यांचे कुणी आहेत का रे, आजोबांचे? त्यांची ती भाषा बोलणारं इथं?"

नातवाने विचारले. आजोबा म्हणाले, बायको होती तोवर होते.

मग तिघेही गप्प बसले. त्या वर्षी फेब्रुवारीत पाऊस बरा झाला होता आणि रस्त्याकडेची आलुबुखाऱ्याची झाडे गुलाबी फुलांनी भरली होती. निघताना आजीने पिशवीतून डबा काढला आणि आजोबांच्या हातावर तिळाची एक वडी ठेवली. संक्रांत कधीच होऊन गेली होती. पण आजोबांना ते कुठे ठाऊक होते?

कार्यक्रम एका शाळेच्या उपाहारगृहात झाला. टेबले बाजूला सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. महाराजांच्या तसबिरीला हार होता. मुलींनी नऊवारी नेसली होती आणि प्रत्येकीची आई मागून निऱ्या सावरत होती. टोपीवाले आजोबा शेवटच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

नातवाची पाळी आली. डोक्याला फेटा, हातात डफ. त्याने आधी नमन केले. मग पोवाडा सुरू केला. त्याचे 'ळ' अजून 'ल'कडे झुकत होते, पण आवाज पोटातून येत होता. झील धरायला त्याचे बाबा आणि शेजारच्या घरातला एक मुलगा उभे होते. लोक ताठ बसले.

खान मंडपाकडे निघाला.

आणि नातू थांबला. त्याचा डफ थांबला नाही. त्याने एक ओळ नुसता डफ वाजवला. दुसरी ओळ नुसता डफ. तिसऱ्या ओळीला एक थाप राखली आणि मग मारली. पुढच्या रांगेत आजीची मान आपोआप वर झाली.

मग तो पुढची ओळ म्हणू लागला, जणू काही झालेच नव्हते.

पहिले बक्षीस जिजाऊंचे भाषण करणाऱ्या एका मुलीला मिळाले. ती खरोखरच छान बोलली होती. परीक्षकांनी नातवाच्या आवाजाचे कौतुक केले. बाईंनी त्याला जवळ घेतले आणि विचारले, "मधे विसरलास का रे? मी दिलेल्या कागदावर होत्या ना त्या ओळी?"

"विसरलो नाही," नातू म्हणाला. "तिथे तीन ओळी आहेत. आत्ता नाहीयेत. पण आहेत."

बाईंना काय कळले कोण जाणे. त्यांनी त्याच्या फेट्याचा शेव नीट केला.

टोपीवाले आजोबा येऊन आजीसमोर उभे राहिले. त्यांना पोवाड्यातला एक शब्द समजला नव्हता. त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी म्हटले, इंग्रजीत नव्हे. आजीने आपल्या भाषेत उत्तर दिले. नातू जवळच होता, पण या वेळी कुणी त्याला विचारले नाही.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. बहुतेक जण राजाच्या घोड्याचे कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. ऐकणारा राजा नसता तर पोवाडा जन्मलाच नसता. पण राजाने घोडा एकदा दिला. पुढची दोनशे बत्तीस वर्षे त्या पोवाड्याला पोसले ते सुपातल्या जोंधळ्यांनी आणि दिवटीत ओतलेल्या पळीभर तेलाने. त्या म्हातारीचे नाव कुठल्याच पोवाड्यात नाही. आपणही आश्रयदाते आहोत, हे तिला कुणी सांगितले असते तर ती हसली असती.

आजी एप्रिलात गावी परतली. वही नातवाकडे सांता क्लारालाच राहिली. सातव्या पानावर तीन ओळींची जागा सोडलेली आहे आणि समासात त्याच्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ चुकवून, एवढेच लिहिले आहे की इथे थाप राखून मारायची. तुमच्या गावाकडे कुणाला त्या ओळी येत असतील, तर कळवा.